जुलाब लागलेत? आधी ओआरएस

घाबरू नका, पण गोळी शोधण्याआधी ओआरएस (पाण्यात कालवायची साखर-क्षारांची पावडर) कालवा. जुलाबात खरा धोका पाणी आणि क्षार कमी होण्याचा. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी घाला. नवखे लोक अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकतात, तिथेच प्रमाण बिघडतं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पाजा. कालवलेलं २४ तासांनी ओतून द्या.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, फक्त मोठ्यांसाठी, स्वतःहून घेताना दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या आत.

ताप किंवा शौचात रक्त असेल तर ती गोळी नकोच, थेट डॉक्टर. लघवी कमी झाली, तान्हं बाळ मलूल पडलं, तरीही लगेच निघा. उरलेली जुनी अँटिबायोटिक्स मनाने घेऊ नका.