लॉन्ड्री आणि 'मनी लॉन्ड्रिंग' यांचा संबंध काय? अल कपोनमुळे हे नाव पडलं का?

संबंध आहे, पण कपोनची गोष्ट सोडून द्या. शिकागोच्या या गुंडाने बेकायदा दारूचा पैसा स्वतःच्या लॉन्ड्रींच्या गल्ल्यात मिसळला आणि त्यावरून नाव पडलं, असं सांगतात. गोष्ट झकास आहे, म्हणूनच टिकली. प्रत्यक्षात कपोनला 1931 मध्ये शिक्षा झाली ती आयकर चुकवल्याबद्दल. पैशाच्या संदर्भात हा शब्द रुळला तो चाळीसेक वर्षांनंतर, अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक निधीतले 89 हजार डॉलर मेक्सिको सिटीतून फिरून मायामीच्या एका बँक खात्यात आले होते. खातं कोणाचं? वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसताना पकडलेल्यांपैकी एकाचं! 1973 च्या सुमारास या फिरवाफिरवीसाठी 'लॉन्डर' हे क्रियापद वर्तमानपत्रांत सर्रास दिसू लागलं. मळका पैसा आत, परीटघडीचा बाहेर.

मूळ शब्द लॅटिन 'लावारे', म्हणजे धुणे. लोशन आणि लव्हेटरी त्याच घरातले. लव्हेटरी ही आधी हात-तोंड धुण्याची जागा होती, संडास नंतर झाली. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला 'लॉन्डर' हा सुरुवातीला चक्क माणूस होता, कपडे धुणारा किंवा धुणारी. क्रियापद मागाहून आलं. खाणींत खनिज धुण्याच्या पन्हळीलाही लॉन्डर म्हणत, आणि धातूच्या कारखान्यांत वितळलेला धातू वाहून नेणाऱ्या पन्हळीला आजही म्हणतात.

इंग्रजीत 'लॉन्ड्री' म्हणजे दुकान, धुण्याचं काम आणि धुवायच्या कपड्यांचा ढीगसुद्धा. आपण त्यातलं फक्त दुकान उचललं, तेही बहुतेक इस्त्री आणि ड्रायक्लीनिंगसाठी. घरच्या ढिगाला आपल्याकडे 'धुणं' होतंच.

काळा पैसा आणि मनी लॉन्ड्रिंग यांतला फरक मात्र लक्षात ठेवा, कारण बातम्यांत तो सतत पुसला जातो. डॉक्टरने रोख घेतलेली फी आयकरातून लपवली, तर तो काळा पैसा. पण तेवढ्यावर ईडी येत नाही. आपला मनी लॉन्ड्रिंगविरोधी कायदा 2002 चा, लागू झाला 2005 मध्ये. त्याच्या परिशिष्टात गुन्ह्यांची यादी आहे. लाच, फसवणूक, अमली पदार्थ अशा यादीतल्या एखाद्या गुन्ह्यातून पैसा आलेला असला, तरच तो कायदा लागतो.