आर्थिक वर्ष 1 एप्रिललाच का सुरू होतं? आपल्या पिकांशी याचा काही संबंध आहे का?

पिकांशी काडीचा संबंध नाही. वैजापूर तालुक्यात शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा गटसचिव, म्हणजे हिशेब-वसुली बघणारा, म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळं मार्च एंड मला कुणी शिकवू नये. माझा साडू शिकवतो. तो महसुलात होता. म्हणतो, रब्बी निघाली की वर्ष संपलं, इंग्रज साहेबांनी विचार करूनच ठेवलंय.

गहू-हरभरा घरात आलेला असतो, कबूल. पण उन्हाळ कांदा वावरातच असतो आणि उसाचं पेमेंट कारखान्याकडं अडकलेलं. खरिपाच्या पीककर्जाची मुदत मात्र 31 मार्च. चुकली की व्याजाची सवलत गेली. म्हणून नवं-जुनं: कुठूनही पैसे आणून भरायचे आणि तेच पुन्हा उचलायचे.

2018 चं सांगतो. 29 मार्चला महावीर जयंती, 30 ला गुड फ्रायडे. बँकेला उरला एकटा शनिवार, 31. आमच्याकडं घोगरगावच्या जुन्या मिशनमुळं कॅथलिक घरं आहेत. त्यातला एक सभासद खताच्या पिशवीत 90,000 रुपये घेऊन आला. आडत्याकडून चार दिवसांच्या बोलीवर उचललेले, नोटांत कांद्याची टरफलं. मी मोजत होतो आणि तो बोलत होता, "भाऊ, 25 मार्चला आमचा मरियेचा सण असतो. देवदूतानं तिला येशूच्या जन्माचा निरोप दिला तो दिवस. यंदा त्याच दिवशी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार आला, तर सण 9 एप्रिलला ढकलला. देवाचा सण सरकतो, तुमचा मार्च एंड का सरकत नाही?"

मी हसलो. त्याला नवं कर्ज मिळायला पंधरा दिवस लागले, आडत्याचं व्याज तोवर चालूच.

पुढं वाचनात आलं, की इंग्लंडच्या करवर्षाचं मूळ त्याच सणात आहे! नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी येणारा हा 25 मार्च म्हणजे इंग्लंडात पूर्वी नव्या वर्षाचा पहिला दिवस. जमिनीचा खंड, भाडी, हिशेब तेव्हाच चुकते व्हायचे. 1752 मध्ये त्यांनी कॅलेंडर बदललं, 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 उजाडला. अकरा दिवस गेले तसं करवर्षही पुढं सरकवलं. आज तिथलं करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं ते मुख्यतः यामुळं.

साडू हे वाचेल म्हणून सांगून ठेवतो, त्या सणावरून आपल्या 1 एप्रिलपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. आपल्याकडं आधी 1 मे ते 30 एप्रिल असं वर्ष होतं. 1867 ला ते ब्रिटिश सरकारच्या हिशेबाशी जुळवून घेतलं, आणि तो हिशेब तोवर 31 मार्चवर आलेला होता. कांद्याचा विचार लंडनात कुणी केला नाही एवढं मात्र नक्की. निजामाचं फसली, म्हणजे महसुलाचं वर्ष निदान ऑक्टोबरात, खरीप काढणीच्या सुमारास सुरू व्हायचं. आमच्या घरच्या जुन्या कागदांवर फसली 1357 आहे, म्हणजे 1947-48.

साडू म्हणतो, "मग निजाम परत आणू का?" निजाम नको, वसुलीची मुदत तेवढी मे अखेर करा. तोवर तुमच्या घरी पीककर्ज असेल तर नवं-जुनं 15 मार्चच्या आत उरका, शेवटच्या आठवड्याच्या भरवशावर राहू नका. साडूच्या नावावर पीककर्ज कधीच नव्हतं. त्याचा पगार एक तारखेला यायचा.