करार झाला म्हणजे पाठराखण झाली का?

युती, मैत्री आणि करार एकच समजणारी पत्रं थांबत नाहीत, म्हणून पुन्हा लिहितो.

क्वाड म्हणजे आशियातला नाटोच ना? (शिरपूर)

नाही. नाटो ही लष्करी युती, क्वाड हा भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाचा गट. परस्पर-संरक्षणाचं कलमच त्यात नाही.

नाटोच्या एका देशावर हल्ला झाला की बाकीच्यांना लढावंच लागतं ना? (धुळे)

व्हॉट्सअ‍ॅप बाजूला ठेवा, नाटो कराराचं कलम 5 वाचा. हल्ला सगळ्यांवर झाला असं मानायचं. मदत कोणती करायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

युक्रेनला तर लेखी हमी होती. मग कागदाला किंमत काय? (रावेर)

हमी नव्हती हो! किती वेळा सांगू? तुम्ही केळीवाले. व्यापारी नुसतं ‘पैशाचं बघू’ म्हणतो आणि काटापट्टीवर (मालाच्या वजनाच्या पावतीवर) तारीख घालून सही करतो, यातला फरक मी तुम्हाला सांगायचा? 5 डिसेंबर 1994 ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने युक्रेनच्या सीमांचा मान राखण्याचं आश्वासन दिलं. इंग्रजी मसुद्यात ‘अ‍ॅश्युरन्स’ आहे. ‘गॅरंटी’ अमेरिकेने मुद्दाम टाळली. प्रश्न उद्भवला तर? सल्लामसलत करू. युक्रेनने अण्वस्त्रं देऊन टाकली आणि 2014 मध्ये त्यांचा क्रिमिया रशियाने घेतला.

आता गंमत बघा. 1971 च्या भारत-सोव्हिएत करारातही, हल्ल्याचा धोका आला तर, सल्लामसलतच होती. तरी त्या डिसेंबरात मॉस्कोने सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला. त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी होताच, पण 1957 ला काश्मीरवर आणि 1961 ला गोव्यावरही तो वापरला होता. व्यवहार जुना होता. आणि 1993 मध्ये त्याच मॉस्कोने अमेरिकेच्या दबावाखाली रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान आपल्याला द्यायला नकार दिला! मागच्या हंगामाचे पैसे वेळेवर आले म्हणून यंदाची पट्टी न वाचता घडी करून खिशात घालता का? मूळ मसुदा वाचा, अडलं तर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्याला विचारा. टीव्हीवरच्या आरडाओरड्याला नको.

परदेशी शस्त्रकंपनीशी भागीदारी जुळवून देतो म्हणून एजंट नोंदणीचे पैसे आगाऊ मागतोय. वरणगावच्या आयुध निर्माणीत ओळख आहे म्हणतो. (जळगाव एमआयडीसी)

एक रुपयाही देऊ नका. लष्करी मालाच्या निर्यातीला संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते. ती कुणाच्या ओळखीवर मिळत नाही. कागद आधी वकिलाला आणि सीएला दाखवा. तुमच्या पत्रावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची आहे. एवढ्यात ऑनलाइन पैसे गेले असतील तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका, आजच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा.