सायकल-शंका : घरचा घाट, गावची शर्यत

प्रश्न : युरोपात नाव कमावलेले रायडर गावाकडच्या लहान शर्यतींत का उतरतात? आपल्याकडच्या हौशी घाट-शर्यतीला असा परवानाधारक रायडर बोलावता येईल का?
– वाचक, धायरी

उत्तर : सगळ्या लहान शर्यती एका मापाने मोजू नका. टूर द फ्रान्स संपली की बेल्जियम-नेदरलँड्समध्ये गावोगावी क्रिटेरियम, म्हणजे गावातल्याच छोट्या वळशावर फेऱ्या मारायच्या शर्यती, होतात. तिथे नामवंतांना मानधन मिळतं, निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक असतं. ती जत्राच. टूर द फ्रान्स विजेता तादेय पोगाचार त्याच्या स्लोव्हेनियात क्र्वावेच्या चढावर हौशी रायडरांबरोबर उतरतो ते वेगळं : तो सगळ्यांत शेवटी निघतो आणि एकेकाला गाठत वर जातो.

सरावाचा घाट हा तिसरा प्रकार, आणि आमच्या मते सगळ्यांत कामाचा. स्पेनमधल्या जिरोनात राहणारे व्यावसायिक रायडर जवळच्या रोकाकोर्बाच्या चढावर स्वतःला तपासतात, कारण वळण न् वळण पाठ असलं की वेळेतला फरक रस्त्याचा नसून पायांचा आहे हे कळतं.

आता परवान्याचं. यूसीआयच्या (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमानुसार परवानाधारकाला राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या कॅलेंडरवर नसलेल्या, मान्यता नसलेल्या शर्यतीत भाग घेता येत नाही. घेतला तर निलंबन आणि दंड होऊ शकतो. आपल्या देशातल्या विशिष्ट शर्यतीला राष्ट्रीय महासंघ अपवाद म्हणून परवानगी देऊ शकतो. तेव्हा पोस्टरवर नाव छापण्याआधी राज्य संघटनेमार्फत लेखी विचारा. जानेवारी २०२६ मध्ये यूसीआय २.२ दर्जाची, म्हणजे अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत, पुणे ग्रँड टूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर झाली. त्यानंतर हा प्रश्न पुण्यात हवेतला राहिलेला नाही.

प्रश्न : सिंहगडाला मला कधी ५२ मिनिटं लागतात, कधी ५७. तयारी वाढतेय की नाही, कसं ओळखायचं?
– वाचक, कोथरूड

उत्तर : आधी मोजमाप सुधारा. वनखात्याच्या नाक्यावर घड्याळ चालू करू नका. तिथे गाड्यांची रांग असली की अर्धं मिनिट सहज जातं. नाक्याच्या पुढची एखादी न हलणारी खूण धरा : मैलाचा दगड, मोरीचा कठडा. शेवटही वाहनतळाच्या शंभरेक मीटर अलीकडे ठेवा, नाहीतर रविवारी जीप आणि पर्यटकच तुमचा वेळ ठरवतील. बटण हाताने दाबा. ताशी १० किलोमीटर वेगाला जीपीएस दहा मीटर चुकलं तर साडेतीन सेकंदांचा फरक पडतो.

मग वजन. तुम्ही ७२ किलो, सायकल १०, कपडे-बाटल्या ३, एकूण ८५ धरू. चढ ६०० मीटर धरला तर नुसतं वर उचलायला सुमारे पाच लाख जूल लागतात. ५५ मिनिटांत ते १५० वॉट होतात. टायर, चेन आणि हवेचा विरोध धरून एकूण १७५ वॉटच्या आसपास. ७५० मिलिलिटरच्या दोन भरल्या बाटल्या म्हणजे दीड किलो, म्हणजे पावणेदोन टक्के : जवळजवळ एक मिनिट! एका आठवड्यात दोन बाटल्या आणि दुसऱ्या आठवड्यात अर्धी, असं असेल तर तुलना करण्यात अर्थ नाही.

वारा, ऊन आणि आदली रात्र यांचा हिशेब इतका सरळ लागत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, त्याच वारी, उजाडताच, टायरमध्ये हवेचा तोच दाब ठेवून चढा. पाच मिनिटांच्या फरकाला मात्र बहुतेक वेळा पहिली दहा मिनिटं कारणीभूत असतात. खडकवासल्याहून सपाटीवर आलेले पाय ताजे असतात, पहिल्या चढावर माणूस तुटून पडतो आणि वरच्या वळणांवर त्याची परतफेड करतो. पहिल्या दहा मिनिटांत दोन-चार शब्दांचं वाक्य बोलता यायला हवं. उतरताना वेळ मोजूच नका. रिम ब्रेक असतील तर सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही नीट दाबा, मग सोडा. रिम तापून ट्यूब फुटते ती याच गडाच्या उतारावर.

प्रश्न : माझ्या सायकलला पुढे ५०/३४ दाते, मागे ११-२८. बोपदेव घाटात पाय अडकतात. ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) बसेल का?
– वाचक, हडपसर

उत्तर : मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेवर, अवलंबून आहे. शिमानो १०५ आर७००० असेल तर लहान पिंजऱ्याच्या (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाच्या) एसएस डिरेलरला ३० दात्यांपर्यंतच चालते, लांब पिंजऱ्याच्या जीएसला ३४ पर्यंत. पिंजऱ्यामागे अक्षरं कोरलेली असतात, ती पाहा. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असताना ताशी ८ किलोमीटर जायला पेडलचे मिनिटाला साधारण ५२ फेरे पडतात, ३४-३४ वर ६३. फरक गुडघ्यांना लगेच जाणवतो.

कॅसेटबरोबर चेनही बदला. जुनी चेन लहान पडते आणि चुकून पुढच्या आणि मागच्या दोन्ही सर्वांत मोठ्या दातेरी चाकांवर गिअर पडला की डिरेलर ओढून मोडते. नवी चेन डिरेलरमधून न नेता त्या दोन्ही मोठ्या दातेरी चाकांवरून फिरवा, टोकं जिथे भेटतात त्यापुढे दोन कड्या ठेवून तोडा. शेवटी डिरेलरचं वरचं जॉकी व्हील (छोटं दातेरी चाक) ३४ ला घासत असेल तर डिरेलरला कॅसेटपासून दूर नेणारा बी-स्क्रू आत फिरवा.