बुटाचा तळ आधी पाहा, रुबाब मग

मागच्या वेळी बुटांवर जरासं लिहिलं काय, प्रश्नांचा ढीगच लागला बाप्पा. वनरक्षक, भरतीची तयारी करणारे पोट्टे-पोट्ट्या, रात्री वावरात जागलीला जाणारे, सगळेच आता टॅक्टिकल बूट घालून राहिले, आठवडी बाजारातही तो काळा, चेनवाला, उंच घोट्याचा बूट टांगलेला दिसते. ज्या प्रश्नांचा सगळ्यांना उपयोग होईल ते घेतो. बूट दुरुस्तीचा धंदा असल्यानं मी कोणताही बूट आधी उलटा करूनच पाहतो, त्यामुळे उत्तरंही बुडापासूनच सुरू होतील.

प्रश्न : मी सिंदेवाही भागात वनरक्षक आहे. ऑनलाइन टॅक्टिकल बूट घेतले, दिसायला एक नंबर, पण पहिल्याच पावसाळ्यात समोरून सोलनं तोंड उघडलं. मोच्याकडून शिलाई मारून घेतली तर थोड्याच दिवसांत शिलाईवरूनच फाटला. याला नवीन सोल बसते का की फेकून देऊ?

फेकू नका अजून. आधी सोल वरच्या भागाला कशानं जोडला आहे ते पाहा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

साधारण तीन प्रकार राहतात. एक, सोल वेगळा बनवून नुसता सोल्युशननं चिकटवलेला, बाजारातले बहुतेक स्वस्त टॅक्टिकल बूट हेच. दुसरा, साच्यात बूट ठेवून त्याच्या बुडाला सरळ सोलचा वितळलेला गरम माल सोडलेला, पोलिसातले लोक ज्याला डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) म्हणतात तो, यात सोल थोडा चामड्यावर चढलेला दिसते आणि नखानं कितीही चाचपलं तरी जोडाची फट सापडत नाही. तिसरा शिलाईचा, म्हणजे बुटाच्या खालच्या कडेनं चामड्याची एक पट्टी फिरवलेली राहते, वेल्ट म्हणतात तिला, आणि सोल त्या पट्टीला शिवलेला राहते. वेल्टचा टाका बाहेरून काठावर दिसते, आत हात घातला तर लागत नाही. आता यात एक लबाडी आहे, चिकटवलेल्या सोलच्या काठावर पण टाक्यांसारखी नक्षी साच्यातच छापून देतात. सुई नाहीतर टोकदार काडी घेऊन टाका उचलून पाहा, दोरा असेल तर हलते, नक्षी असेल तर हलत नाही.

तुमचा समोरून उघडला म्हणजे चिकटवलेला असावा. हे सोल्युशन गरमीनं ढिलं पडते. उन्हाळ्यात टिनाच्या खाली ठेवलेले बूट, मोटारसायकलच्या सायलेन्सरला टेकणारी टाच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओले बूट चुलीजवळ वाळवणं, याच्यात जोड आधीच कमजोर होऊन राहते, पावसाचं पाणी फक्त उरलेलं काम करते. वरून शिलाई मारली तर का फाटला? कारण सोल नरम मालाचा, आणि पाय जिथं मुडपते नेमकं तिथंच आरीनं ओळीनं भोकं पाडली, मग तो पोस्टाच्या तिकिटासारखा त्या ओळीवरून फाटणारच. शिलाई चालते ती जाड रबरी काठ असलेल्या सोलला, ज्याला टाक्यासाठी खाच दिलेली राहते.

आता करायचं काय ते सांगतो, मोच्याजवळ उभं राहून करून घ्या. सोल पूर्ण काढायचा, हीट गननं गरम करून, ओढून तोडायचा नाही. जुनं सोल्युशन खरवडायचं, मग चामड्याचं बूड आणि सोल दोन्ही घासायचे, चमक पूर्ण जाईपर्यंत. पॉलिश किंवा तेलाचा एक थेंब राहिला तरी जोड धरत नाही. साधं सोल्युशन नको, पीयूचं (पॉलियुरेथेनचं) पाहिजे, आणि टीपीआरचा, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचा सोल असेल तर त्याच्यावर आधी प्राइमरचा, म्हणजे जोड धरायला मदत करणाऱ्या द्रवाचा हात. दोन्हीकडे पातळ हात मारायचा, सुकू द्यायचा, परत एक हात, बोटाला चिकटेनासं झालं की थोडी ऊब देऊन कलबूतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर चढवून जोरात दाबायचं. आणि मग एक पूर्ण दिवस बूट घालायचा नाही. बसस्टँडवर उभ्या-उभ्या दहा मिनिटांत बूट पायात घालून देतात ना, तिथंच गडबड होते, मोच्याची चूक कमी आणि आपल्या घाईची जास्त. डीएमएसवाल्याचं मात्र जमत नाही सहजी, जुना माल घासून पातळ थर ठेवून त्याच्यावर नवीन सोल चिकटवणारे कारागीर शहरात भेटतात, पण खर्च नव्या बुटाच्या अर्ध्याच्या वर चालला असेल तर मी तरी करू देणार नाही. वेल्टवाला असेल तर डोळे मिटून करा, वरचं चामडं धड आहे तोपर्यंत दोन-तीनदा सोल बदलता येते.

टायरचा सोल लावू का असंही बरेच जण विचारतात. घासत नाही हे खरं, पण वजनदार आणि कडक, टॅक्टिकल बुटाचा सगळा आराम जाते. लावायचाच तर ट्रकच्या नायलॉनवाल्या टायरचा. रेडियल टायरमध्ये स्टीलच्या तारा राहतात, एक तार वर आली की पाय गेला.

प्रश्न : दर्यापूरकडे आमचं वावर आहे, काळी जमीन. पावसात बुटाला एवढा चिखल लागते का पाय उचलत नाही. सोल खोल नक्षीचाच घेतला होता, तरी असं काहून?

खोल नक्षी हाच तर लोच्या आहे भाऊ. ते रणगाड्याच्या पट्ट्यासारखे चौकोनी दात असलेले सोल इटलीच्या विताले ब्रामानी नावाच्या गिर्यारोहकानं १९३७ च्या सुमारास आणले, डोंगरातल्या खडकावर, बर्फावर पकड बसावी म्हणून. खडकावर ते आजही भारी आहेत. पण आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यागत चिकटते, ती त्या चौकोनात जाऊन बसली की निघत नाही, मग तुम्ही नक्षीवर नाही, चिखलावर चालून राहता.

तुम्हाला पाहिजे पनामा सोल. १९४४ मध्ये रेमंड डोबी नावाच्या अमेरिकी सार्जंटनं काढला, पुढं व्हिएतनामच्या लढाईत त्यांच्या जंगल बुटांना तोच लागला, कारण आधीच्या खोल दातांच्या सोलमध्ये तिथला चिखलही असाच भरायचा. याचे दात तिरपे, मोठे आणि दूर-दूर राहतात, पाऊल दाबलं की चिखल बाजूनं बाहेर ढकलला जाते. पूर्ण सुटत नाही, काळी माती आहे ती, पण पाय उचलते. फोटोत ओळखायचं तर मधल्या दातांच्या तिरप्या ओळी पाहा, आणि काठाकडं चिखलाला निघायला वाट उघडी आहे का ते पाहा, कडेनं सलग बंद किनार असेल तर घेऊ नका.

त्याच जंगल बुटांच्या आतल्या बाजूला, पायाच्या कमानीजवळ दोन जाळीची छिद्रं राहतात, पाणी बाहेर जायला. आपल्याकडं लोक वॉटरप्रूफच्या मागं पडतात. नाल्यातून, बांधीतून चालणाऱ्या माणसाच्या बुटात पाणी वरूनच जाते, आणि मग तो वॉटरप्रूफ बूट ते पाणी बाहेरही जाऊ देत नाही. मे महिन्यात त्याच बुटात घामानं पाय उकडून निघते ते वेगळंच. विदर्भात वॉटरप्रूफवर पैसे घालू नका, हे माझं स्पष्ट मत.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात बांबू कटाईवर आहे. कापलेल्या बांबूचं खुंट सोलमधून आरपार येऊन पायात घुसलं. जाड सोल घेतला तर चालेल का?

जाडीनं काही होत नाही, नरम सोल कितीही जाड असला तरी तिरपा कापलेला बांबू आत जातेच. पराटीच्या खुंटाचं आणि बाभळीच्या काट्याचंही तेच. वर सांगितलेल्या जंगल बुटांच्या तळात नेमकी याच कारणासाठी स्टीलची पातळ पट्टी घातली होती, कारण व्हिएतनामच्या लढाईत जमिनीत टोकदार बांबू रोवून ठेवायचे.

तुम्ही टॅक्टिकलचा नाद सोडा आणि सेफ्टी शूजच्या दुकानात जा. आयएस १५२९८ लिहिलेला आणि एस १ पी किंवा एस ३ मार्क असलेला बूट मागा. पावसात काम असेल तर एस ३ च घ्या. या मार्कच्या बुटाच्या तळात खिळा अडवणारी पट्टी राहते, १,१०० न्यूटनपर्यंत जोर लावून खिळा दाबला तरी आरपार जाऊ नये अशी त्याची चाचणी राहते. नुसतं स्टील टो म्हणजे हे नव्हे, ती बोटांवर लाकूड-दगड पडला तर आहे, दुकानदार दोन्ही एकच सांगून देते. आणि पायातली जखम वरून बुजली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर आधी तिकडं जा, बूट नंतर.

प्रश्न : वनरक्षक भरतीची तयारी करते, अर्जुनी मोरगावजवळ राहते. नवीन बूट घालून चालायला लागली की टाचेला फोड येतात आणि बोटांमध्ये चिखल्या झाल्या. मोठा नंबर घेऊ का?

मोठा नंबर घेशील तर पाय आत सरकेल आणि फोड वाढतील ताई. भरतीत बायांना १६ किलोमीटर चार तासांत चालून दाखवायचं राहते, पुरुषांना २५, एवढ्या अंतरात अर्धा सेंटीमीटरही सरकत असेल तर टाच सोलून निघते.

माप सांजच्याला घे, दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला राहते तेव्हा. भिंतीला टाच लावून कागदावर उभी राहा, दोन्ही पायांची लांबी मिलिमीटरमध्ये मोज, मोठा पाय धर. समोर एका अंगठ्याएवढी जागा पाहिजे आणि टाच उचलली नाही पाहिजे. आपला भारतीय नंबर म्हणजे ब्रिटिशच नंबर, पण ऑनलाइन बुटांवर बऱ्याचदा अमेरिकी नंबर राहते, पुरुषांच्या बुटात तो साधारण एकानं जास्त येते. टॅक्टिकल बूट जास्त करून पुरुषांच्याच साच्यावर बनतात, बायांची टाच अरुंद राहते, म्हणून लांबी बरोबर असूनही मागून ढिला लागते. त्याला उपाय लेसचा. घोट्याजवळच्या शेवटून दुसऱ्या जागेवर लेसला दोनदा पीळ देऊन गच्च आवळ आणि मग वर बांध, खाली पंजाला ढिलं ठेवलं तरी टाच जागची हलत नाही. ज्या बुटाला बाजूची चेन आहे त्यात लेस एकदा बांधून चेननंच चढवतात सगळे, रोज आवळली जातच नाही.

आणि मोजा. कापूस आपला जीव की प्राण, पण मोजा कापसाचा नको, तो घाम पिऊन ओला राहते आणि ओली कातडीच सोलते. नायलॉन किंवा लोकर मिसळलेला घे, खाली एक पातळ आणि वर एक जाड असे दोन घातले तर घासणं दोन मोज्यांमध्येच होते. जोडी बदलायला सोबत ठेव. चिखल्यांना पाय कोरडे ठेवणं हाच अर्धा इलाज, बरं नाही झालं तर पीएचसीत दाखव, मलम देतात. नवीन बूट आधी घरी, मग बाजारापर्यंत, मग लांब, असा वाढवत ने. परीक्षेच्या दिवशी नवा बूट अजिबात नाही.

प्रश्न : मी माजी सैनिक, बुलढाणा जिल्हा. चांगले महागाचे बूट डब्यात जपून ठेवले होते बरीच वर्षं. मुलाच्या लग्नानंतर देवदर्शनाला घातले तर मंदिराच्या पायऱ्यांवर सोलचा भुगा झाला. बनावट माल होता का?

नाही साहेब, माल खरा असणार. टाचेखालचा जो हलका फोमसारखा थर राहते तो पीयूचा, आणि हवेतला ओलावा त्याला आतून तोडत राहते, बूट घातला काय नि डब्यात ठेवला काय. वापर नसला तरी साधारण पाच ते दहा वर्षांत तो भुसभुशीत होते, आपल्या दमट पावसाळ्यात लवकरच. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले असतील तर अजूनच.

असा बूट फेकायची गरज नाही, वरचं चामडं बरं असेल तर तो थर पूर्ण काढून, रबराचा किंवा ईव्हीएचा (हा दुसऱ्या जातीचा हलका फोम) थर आणि खाली नवा सोल लावून देता येते, चांगला कारागीर पाहिजे. बाकीच्यांनी दुकानात जुना स्टॉक स्वस्त भेटते म्हणून उचलण्याआधी सोल पालथा करून पाहावा, बऱ्याच सोलवर घड्याळासारखं छोटं गोल चिन्ह राहते, कडेनं बारा महिने, मधात वर्ष आणि एक बाण, तीच सोलची जन्मतारीख. ते नसेल तर कडेच्या फोममध्ये नख दाबा. खड्डा तसाच राहिला किंवा कण निघाले तर पुढं चला.

प्रश्न : जागलीला जातो, घोणशीपासून हे बूट वाचवतील का?

चपलेपेक्षा शंभर पटीनं बरे, साप जास्त करून पाऊल नि घोट्यालाच चावते. जाड चामड्याचा भाग ठीक, पण वरचा कापडी, जाळीवाला भाग म्हणजे भरवसा नाही, घोणशीचे दात लांब राहतात. बॅटरी आणि काठी सोडू नका, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. चावलाच तर मांत्रिक नाही, सरळ सरकारी दवाखाना.

प्रश्न : वायरमनचं काम करतो, सोल रबरी आहे म्हणून शॉक लागणार नाही ना?

या भरवशावर खांबावर चढू नका. ओला सोल, घामानं भिजलेला बूट आणि मोच्यानं ठोकलेले खिळे, तिन्हीतून करंट जाते. सेफ्टी शूजवर अँटिस्टॅटिक लिहिलेलं राहते तेही शॉकसाठी नाही. विजेच्या कामाचा इन्सुलेटेड बूट वेगळा येते, ठेकेदाराकडून तोच मागून घ्या, आणि लाइन बंद केल्याशिवाय काम नाही.

प्रश्न : आर्णी तालुक्यातून. कपाशीवर फवारणी करताना गमबुटात लय गरम होते, टॅक्टिकल बूट घातले तर?

नाही. इथं मी जरा कडकच बोलतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते आपल्यापैकी कोणी विसरलं नाही. चामडं आणि कापड औषध पिऊन घेते आणि ते धुऊनही निघत नाही, मग तोच बूट तुम्ही उद्या मोज्यावर घालता, घामात ते औषध दिवसभर कातडीला लागत राहते. फवारणीला रबरी गमबूटच, आतून अस्तर नसलेला, आणि पॅन्टची मोहरी बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली तर मांडीवरून ओघळलेलं सरळ बुटात जमा होते. गरम होते तर सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आधी थांबा. फवारणी झाली की गमबूट घालूनच बाहेरून साबणानं धुवा, मग काढा, आणि घराच्या बाहेरच ठेवा, पोरांच्या हाती लागतील अशा जागी नाही. चामडी बुटावर औषध सांडलेलं असेल तर त्याला सोल लावायला माझ्याकडं पण आणू नका, हीट गनखाली धरला की तो वास कारागिराच्या नाकात जाते.