‘पिंक्स.’ म्हणजे कोरणारा नव्हे

प्रश्न: मँचेस्टरचा ड्यूक चार्ल्स माँटेग्यू याच्या जुन्या छापील चित्राखाली ‘नेलर पिंक्स.’ आणि ‘फेबर फेसिट’ असं आहे. ‘पिंक्स.’ म्हणजे कोरणारा का?

नाही. लॅटिन ‘पिंक्सित’ म्हणजे रंगवलं. मूळ तैलचित्र चित्रकार नेलरचं, त्यावरून छापाचा पत्रा केला फेबरने. ‘स्कल्प.’ म्हणजे कोरलं, ‘डेल.’ रेखाटलं, ‘एक्स्क.’ छापून प्रसिद्ध केलं. आणि अशा प्रत्येक काळ्या चित्राला ‘लिथो’, म्हणजे शिळाछाप, म्हणणं एकदाचं थांबवा! शिळाछाप निघाला 1796च्या सुमारास. हे चित्र ज्यातलं, ती फेबरची किट-कॅट क्लबच्या (लंडनमधल्या राजकारणी नि लेखकांच्या मंडळाच्या) सभासदांची मालिका 1735 ची. व्हेनिसला नि पॅरिसला इंग्लंडचा राजदूत राहिलेला हा माँटेग्यू 1722 मध्येच वारला होता.

फेबर ‘स्कल्प.’ऐवजी ‘फेसिट’, म्हणजे नुसतं ‘केलं’, लिहितो कारण हे मेझोटिंट आहे. यात रेघ कोरत नाहीत. तांब्याचा पत्रा कमानदार दातेरी पात्याने सगळ्या दिशांनी खरबरीत करतात. तसाच छापला तर निव्वळ काळा उमटेल. मग कपाळ, विगचे कुरळे, रेशमाच्या चुण्या असा जिथे उजेड हवा तिथे खरवडून घोटतात. जितकं गुळगुळीत, तितकी शाई कमी. ही खरखर छापयंत्राच्या दाबाखाली लवकर बसते आणि शंभर-दोनशे प्रतींत काळा रंग करडा पडू लागतो. काळोख मखमली दिसला तर प्रत सुरुवातीची समजा.

पण खरी गंमत ‘पिंक्सित’च्या धातूत आहे. त्याचा संस्कृत भाऊबंद पिश्, पिंशति: कापून आकार देणं, सजवणं. ऋग्वेदात ‘त्वष्टा रूपाणि पिंशतु’ आहे, आणि त्वष्टा तर कारागीरच. म्हणजे लॅटिनमध्ये चूक असलेला तुमचा अर्थ मुळाशी बरोबर! हाच धातू ‘नि’ उपसर्ग लावून इराणात गेला. प्राचीन फारसीत ‘निपिष्टम्’ म्हणजे कोरून लिहिलेलं, पुढे फारसी ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणं, आणि त्यातून आपले नवीस: चिटणीस, पोतनीस, सबनीस, फडणवीस. ‘फडणवीस’चं पूर्वपद ‘फर्द’ (कागद, यादी) की ‘फड’ यावर हवं तेवढं भांडा, उत्तरपद नेलरच्या सहीचं चुलतभावंड आहे.

काही व्युत्पत्तिकार ‘पिंगेरे’तला (‘पिंक्सित’चं मूळ क्रियापद, रंगवणं) ग आणि पिश् मधला श जुळत नाहीत म्हणून हे नातं तोडतात. त्यांनी लॅटिन ‘पांगेरे’ (घट्ट बसवणं) शेजारी ‘पाक्स, पाकिस’ (शांतता) ठेवून पाहावं. तिथे ग आणि क एकाच घरात नांदतात, त्याबद्दल कुणी हरकत घेत नाही. शिवाय संस्कृतात पिङ्ग, पिञ्जर हे रंगवाचक शब्द ग-ज घेऊन बसलेत. माझ्या मते कुंकवाच्या करंड्यातली पिंजरही याच घरातली. कोशकार बिचकतात, बिचकू द्या.