खोकडाच्या पोटात जंत दिसले, शेळ्यांचं काय?

प्रश्न : आमच्या बांधावर खोकड मरून पडलं होतं. कुत्र्यांनी त्याचं पोट फाडलं, तेव्हा आतड्यात पांढरे, वेटोळे घातलेले लांब जंत दिसले. शेळ्या रोज तिथेच चरतात. त्यांना लागण होईल का? सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध पाजावं का? आणि खोकडांचा बंदोबस्त केला तर हा त्रास संपेल का?

उत्तर : जंतांचं नंतर पाहू, आधी रेबीजचं. खोकड कशाने मेलं हे तुम्हाला ठाऊक नाही आणि कुत्र्यांनी त्याला तोंड लावलंय. त्यामुळे आजच पशुवैद्यकाला सांगून कुत्र्यांच्या लसीचं काय करायचं ते ठरवा. मेलेल्या जनावराला उघड्या हाताने शिवू नका. कुत्री उकरून काढणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात ते पुरा.

आता जंत. डोळ्यांना सहज दिसणारे, वेटोळ्याचे, बोटभर ते वीतभर लांब म्हणजे बहुधा टॉक्सोकारा जातीचे गोल जंत. कुत्रा, कोल्हा, खोकड ही एकाच भावकीतली जनावरं, त्यामुळे हे जंत त्यांच्यात सर्रास आढळतात. शेळ्यांना त्यांचा फारसा उपद्रव नाही. काळजी मुलांची घ्यायची. विष्ठेतून पडलेली अंडी दोन-तीन आठवडे मातीत राहिली की लागण करण्याजोगी होतात आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. मातीचे हात तोंडात गेले की अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोचतात.

ज्या जंताची मला जास्त धास्ती वाटते तो तुम्हाला दिसलाच नसता. एकिनोकॉकस नावाचा हा चपटा जंत जेमतेम तांदळाच्या कणीएवढा असतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तराला हजारोंनी चिकटून बसतो. याच्या दोन जाती लक्षात ठेवा. खोकडांची म्हणून ओळखली जाणारी जात खोकड आणि उंदीर यांच्यात फिरते. ती मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशात सापडते. माणसाच्या यकृतात ती कर्करोगासारखी पसरते, आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पाच ते पंधरा वर्षं जाऊ शकतात. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात (म्हणजे यकृतात) आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी करणारी जात मात्र दुसरी, आणि ती प्रामुख्याने कुत्र्याकडून येते. म्हणून शेळीच्या काळजात गाठ निघाली तर खोकडाच्या नावाने बोटं मोडण्याआधी आपल्या कुत्र्यापुढे काय टाकलं जातं ते पाहा.

शेळ्यांना सरसकट औषध पाजू नका. त्याने आत झालेली गाठ जात नाही. औषध द्यायचं ते कुत्र्याला, आणि त्यात प्राझिक्वांटेल आहे का ते पाकिटावर वाचून घ्या. फक्त गोल जंतांवर चालणारी गोळी दिली तर एकिनोकॉकस जागचा हलत नाही. मात्रा दर किलो वजनाला साधारण 5 मिलिग्रॅम. कुत्रा उंदीर मारून खात असेल किंवा कत्तलीचे अवशेष चघळत असेल, तर दर चार-सहा आठवड्यांनी द्यावं लागतं. गोळीने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून औषधानंतर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा जाळा किंवा खोल पुरा. अंडी फिनेलला जुमानत नाहीत, घरच्या फ्रीजरलाही नाहीत. ती मरतात उकळत्या पाण्याने आणि कडक वाळण्याने. बांधालगतची पालेभाजी नीट धुऊन, शिजवून खा.

खोकडं मारण्याचा विचार सोडा. फ्रान्समधल्या नान्सी शहराच्या परिसरात चार वर्षं खोकडं मारून पाहिली, तेव्हा उरलेल्यांत खोकडांच्या जातीच्या एकिनोकॉकसचं प्रमाण घटायच्या ऐवजी वाढलेलं आढळलं. जागा रिकामी झाली की बाहेरून तरणी खोकडं येतात आणि येताना आपले जंतही घेऊन येतात. दक्षिण जर्मनीत प्राझिक्वांटेल घातलेली आमिषं टाकल्यावर मात्र लागण कमी झाली. ते काम एकट्या शेतकऱ्याचं नव्हे. शिवाय खोकड तुमच्या शेतातले उंदीर खातं, हे विसरू नका.

पुढच्या वेळी शेळी कापाल तेव्हा काळीज आणि फुप्फुस हाताने चाचपून पाहा. पांढरट, ताणलेली, पाण्याने भरलेली गाठ लागली तर ती फोडू नका, आतल्या पाण्यात जंताची असंख्य पिल्लं असतात. तो भाग तसाच जाळा किंवा चांगला उकळून पुरा. भोवती शेपूट हलवत उभ्या असलेल्या कुत्र्याकडे तो भिरकावू नका.